टाय, टाइड, टाइड

बाईंना त्यांची स्वतःची मुलंसुद्धा बाईच म्हणायची. शाळेत आईला आई म्हणायचं नाही हा त्यांचाच नियम, आणि दोन्ही मुलं त्यांच्याच शाळेत, त्यामुळे ती सवय घरात शिरली आणि कायमची मुक्कामाला राहिली. फरक एवढाच, की शाळेत 'बाई, तुम्ही' आणि घरी 'बाई, तू'. "बाई, तू गोळी घेतलीस का?" असं पन्नाशीला आलेली थोरली लेक हॉस्पिटलातून, ड्यूटीवरून फोन करून विचारायची, तेव्हा तिच्या हाताखालच्या नव्या नर्स मुली एकमेकींकडे बघून हसायच्या. सिस्टर कामवालीशी इतक्या प्रेमाने बोलतात, असं त्यांना वाटायचं.

बाई इंग्रजी शिकवायच्या. शब्द पाठ करून घेण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. शब्द करून बघायचा असतो, असं त्या म्हणायच्या, आणि त्यांच्या वर्गात खरोखर तसंच चालायचं. एका तासाला पडण्याचे शब्द, एका तासाला चालण्याचे, एका तासाला खाण्याचे. त्या दिवशी वर्गात कुरमुऱ्यासारखा आवाज काढत सगळी पोरं खोटं खोटं खायची. पण सगळ्यांच्या लक्षात राहायचा तो हलू न देण्याच्या शब्दांचा तास. बाई एका उंच मुलाची बाही फळ्याला टेकवून त्यावर डस्टर दाबून धरायच्या: "पिन." दारात दोन्ही हात पसरून उभ्या राहायच्या: "ब्लॉक." एकाला कपाट आणि बाक यांच्या मधल्या फटीत उभं करायच्या: "ट्रॅप." आणि शेवटी गळ्यातला रुमाल काढून कुणाचे तरी हात बांधायच्या. "टाय. टाय, टाइड, टाइड. म्हणा."

एका वर्षी हा मान त्यांच्या धाकट्याला मिळाला. हात बांधून झाल्यावर बाईंनी विचारलं, "काय वाटतंय?"

धाकटा म्हणाला, "नाकाला खाज येतेय, बाई."

वर्ग हसून हसून लोळला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी लगेच पुढे होऊन त्याचं नाक खाजवलं, गाठ सोडली आणि म्हणाल्या, "डिक्शनरीत हे लिहिलेलं नाही, पण अर्थ हाच."

मुलांचे वडील लवकर गेले होते. बाईंनी दोघांना एकटीने वाढवलं. थोरली नर्स झाली, आणि वीसेक वर्षांनी मोठ्या हॉस्पिटलातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या वॉर्डाची मुख्य सिस्टर झाली. धाकट्याने चष्म्याचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे एक काउंटर, एक आरसा आणि मागे काच घासायचं मशीन, पण माणूस हाताचा पक्का आणि बोलण्यात गोड, त्यामुळे बरं चालायचं. बाई निवृत्त झाल्यावर शाळेजवळच्या दोन खोल्यांत एकट्याच राहत होत्या. दोन्ही मुलांनी बोलावून बघितलं. "घंटा ऐकू येते इथे," एवढंच कारण त्या द्यायच्या.

थोरली कामात कडक होती, पण तिचा हात हलका. सुई टोचलेली कळत नाही, असं पेशंट सांगायचे. वॉर्डात तिचा एकच शब्द असा होता जो ती कायम इंग्रजीत बोलायची. म्हाताऱ्या, तापाने भ्रमलेल्या बायका सलाइन उपटतात, नळ्या ओढतात, पलंगावरून उतरून चालायला लागतात. मग त्यांचे हात पलंगाच्या कठड्याला बांधून ठेवावे लागतात. हे नातेवाइकांना कसं सांगायचं, ते थोरलीला नवी असताना तिच्या जुन्या सिस्टरने शिकवलं होतं. "बांधतो म्हणालीस की भांडायला उठतील. रिस्ट्रेन म्हण. माना डोलावतात." आणि खरंच माना डोलवायचे. कुणाची सून, कुणाचा जावई, चांगली शिकलेली माणसं, "हो, हो, रिस्ट्रेन करा, तुम्हाला जे योग्य वाटेल ते" म्हणायची आणि फळांची पिशवी ठेवून निघून जायची. पुढे थोरलीने तोच शब्द नव्या मुलींना शिकवला.

बाईंचा खोकला आधी साधाच होता. मग ताप आला, आणि एका सकाळी दूधवाल्याला दार उघडायला त्या उठल्याच नाहीत. धाकट्याने शेजाऱ्यांच्या मदतीने त्यांना खाली आणलं, गाडीत घातलं. छातीत न्यूमोनिया झाला होता. थोरलीने त्यांना स्वतःच्याच वॉर्डात घेतलं. "आपलं माणूस आपल्या वॉर्डात ठेवू नये," असं एक डॉक्टर म्हणालेही. थोरलीने ऐकलं नाही. आपल्या डोळ्यांसमोर राहील, आपण स्वतः बघू, आपल्यापेक्षा चांगलं कोण बघणार, असं तिला वाटलं. त्यात तिचं काही चुकलं असं कुणी म्हणणार नाही.

पहिले दोन दिवस बाई नुसत्या झोपून होत्या. तिसऱ्या सकाळी थोरली ड्यूटीवर आली, तर रात्रपाळीची मुलगी टेबलापाशी रडवेली होऊन उभी.

"सिस्टर, तुमच्या आईंनी दोनदा सलाइन उपटलं. मास्क काढून फेकला. तिसऱ्या वेळी तर उठून दाराकडेच निघाल्या. वर्गाला उशीर होतोय म्हणत होत्या."

"मग?"

"दुसऱ्या कुणाला असतं तर मी रिस्ट्रेन केलं असतं. तुम्हाला न विचारता कसं करणार?"

थोरली पलंगापाशी गेली. बाईंच्या दोन्ही हातांच्या पाठी काळ्यानिळ्या झाल्या होत्या. नवी सुई कोपराजवळ कशीबशी लावलेली. मास्क कपाळावर सरकवलेला, आणि ओठांचा रंग गेलेला. थोरलीने मास्क नीट बसवला. बाईंनी तो काढला. तिने पुन्हा बसवला, त्यांनी पुन्हा काढला, आणि परक्या बाईकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं.

"तुम्हाला साहेबांनी पाठवलंय का? तपासणीला?"

"बाई, मी आहे. थोरली."

"तपासणी मधल्या सुट्टीनंतर करा. आता माझा तास आहे." आणि त्यांनी पाय पलंगाखाली सोडले.

डॉक्टर फेरीवर आले, बघून गेले. औषध जास्त दिलं तर श्वास मंदावेल, म्हणाले. मास्क राहिलाच पाहिजे, म्हणाले. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. ते सांगायचं काम नेहमीच सिस्टरचं होतं.

"पट्ट्या आण," थोरली ज्युनिअर मुलीला म्हणाली. "मीच करते."

मनगटाला कापूस लावून ती पट्टी गुंडाळायला लागली तशी बाईंनी हात ओढला नाही. उलट मान वळवून लक्ष देऊन बघत राहिल्या. वर्गात एखादा मुलगा फळ्यावर गणित सोडवत असताना बघावं तसं.

"हे काय करताय तुम्ही?"

"काही नाही, बाई. थोडा वेळ रिस्ट्रेन करतेय. सलाइन निघू नये म्हणून."

"रिस्ट्रेन?" मास्कच्या आतून त्यांचा आवाज बारीक येत होता, पण भुवया बरोबर चढल्या. "रिस्ट्रेन रागाला करतात. हसू येत असेल तर हसण्याला करतात. कुठल्या कॉलेजात शिकलात हो तुम्ही? हे टाय आहे. टाय, टाइड, टाइड. मराठीत सांगा, म्हणजे मुलांना कळेल."

ज्युनिअर मुलीला हसू आलं. तिने तोंडावर हात धरला.

"सांगा," बाई म्हणाल्या.

"बांधणं," थोरली म्हणाली.

"पूर्ण वाक्यात."

पट्टीची गाठ मारत थोरली म्हणाली, "मी तुमचे हात बांधतेय."

"बरोबर. बसा खाली."

थोरलीने दुसरा हात बांधला. गाठीखालून दोन बोटं जातात ना ते बघितलं, कठडा वर केला, आणि पुढच्या पलंगाकडे गेली. त्या दिवशी तिने वॉर्डात कुणावर आवाज चढवला नाही, आणि मुलींना तेच विचित्र वाटलं.

चार वाजता भेटायची वेळ सुरू झाली आणि धाकटा आला. पाच मिनिटांत तो थोरलीला शोधत कपड्यांच्या कपाटापाशी आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"ताई, तिचे हात बांधलेत."

"माहीत आहे. मीच बांधलेत."

"तू?"

"मास्क काढते ती. मास्क काढला की ओठ निळे पडतात. सारखी सुई उपटून हात बघ कसे झालेत."

"म्हणून बांधायचं? जनावर आहे का ती?"

"हळू बोल. वॉर्ड आहे."

"मी बसतो तिच्याजवळ. मी धरतो तिचे हात. मला पास दे दिवसभराचा."

थोरलीने चादरींची चवड नीट केली. दिवसभराचा पास तिच्याच सहीने मिळायचा. आणि गेली कित्येक वर्षं तो ती कुणालाही देत नव्हती. एकाला दिला की दहा जण येतात, मग वॉर्ड म्हणजे बाजार होतो, जंतू येतात, भांडणं होतात. दोनच दिवसांपूर्वी एका लेकीला तिने हात जोडून परत पाठवलं होतं. ती लेक आत्ता याच वॉर्डात, खिडकीपाशी, आईजवळ बसली होती.

"नाही देता येणार," ती म्हणाली. "त्या खिडकीजवळच्या मुलीला नाही म्हटलं आणि माझ्या भावाला दिला, तर उद्या मी इथे तोंड कसं दाखवू?"

"तुझ्या तोंडाचं पडलंय तुला?"

"सहापर्यंत बस ना. कोण नको म्हणतंय?"

तो सहापर्यंत बसला. गाठी सोडून, बाईंचे दोन्ही हात आपल्या हातात धरून. सहाची घंटा झाली, तेव्हा थोरलीने येऊन पुन्हा बांधले. तो तेवढा वेळ थांबलाच नाही, पाठ फिरवून चालायला लागला.

पुढचे चार-पाच दिवस असेच गेले. न्यूमोनिया हळूहळू उतरत होता. भ्रम मात्र उतरत नव्हता. बाई कधी वर्गात असायच्या, कधी परीक्षेच्या हॉलमध्ये. कधी "यू आर डिटेनिंग मी, मॅडम" म्हणून ज्युनिअर मुलीला दम द्यायच्या, आणि मग स्वतःच समजवायच्या की डिटेन पोलीस करतात किंवा हेडमास्तर. वॉर्डातल्या बाकीच्या बायकांची करमणूक होत होती. समोरच्या पलंगावरची एक आजी तर रोज एक नवा शब्द शिकत होती. हसून हसून तिला खोकल्याची ढास लागायची.

एके दुपारी थोरली औषधं देत होती, तेव्हा बाईंनी तिला हाक मारली. "सिस्टर. जरा इकडे या." पहिल्यांदाच त्यांनी तिला सिस्टर म्हटलं होतं. ती जवळ गेली.

"माझं नाक खाजवा हो जरा. तीन तास झाले."

थोरलीने ट्रे खाली ठेवला. मास्कची कड उचलून बोटाने हळूच नाक खाजवलं. बाईंनी समाधानाने डोळे मिटले. "देव तुमचं भलं करो," त्या म्हणाल्या. थोरली ट्रे तिथेच विसरून बाथरूमकडे गेली, आणि नळ सोडून बराच वेळ तिथे उभी राहिली.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानातच आली नव्हती. नवीन म्हातारा पेशंट आला की नातेवाइकांना ती पहिलं हेच विचारायची: चष्मा कुठे आहे? कानातलं मशीन कुठे आहे? दिसत नसलं, ऐकू येत नसलं की माणूस जास्त भ्रमतो, हे तिने शंभर जणांना सांगितलेलं. आणि तिच्या स्वतःच्या आईचा जाड भिंगांचा चष्मा पहिल्याच दिवशी, गाडीत घालताना, जिन्यात पडून फुटला होता. आठवडाभर बाईंना समोर नुसते पांढरे ठिपके हलताना दिसत होते, आणि मुख्य सिस्टरला ते सुचलं नव्हतं.

धाकट्याला सुचलं. त्याच्याकडे बाईंच्या चष्म्याचा नंबर होताच. त्याने नवी काच घासली, हलकी फ्रेम निवडली, आणि ती घेऊन भेटायच्या वेळेला आला. थोरली तेव्हा वॉर्डात नव्हती. खालच्या मजल्यावर भांडारात सलाइनच्या बाटल्या मोजून घेत होती, आणि भांडारवाल्याशी तिची नेहमीची घासाघीस चालली होती.

धाकटा जिन्यावरून धावत खाली आला. एवढा मोठा टक्कल पडलेला माणूस, शाळा सुटल्यासारखा धावत.

"ताई, तिने मला ओळखलं! चष्मा घातला आणि ओळखलं! माझं टक्कल वाढलंय म्हणाली! चल, चल वर!"

थोरलीने बाटल्या तिथेच टाकल्या. दोघं जिना चढायला लागली. धाकटा पुढे, ती मागे धापा टाकत. लहानपणानंतर ती दोघं अशी जिन्यावर धावली नव्हती. "हळू रे," ती म्हणत होती आणि हसत होती. दुसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली. लांब, कर्कश, शाळेसारखी.

थोरलीचं हसू थांबलं. "हात पुन्हा बांधलेस ना?"

धाकटा दोन-दोन पायऱ्या चढत सुटला.

"कठडा? कठडा वर केलास?"

वॉर्डाच्या दारात त्यांना आधी ज्युनिअर मुलीची किंकाळी ऐकू आली. बाई पलंग आणि दार यांच्या मध्ये, फरशीवर, कुशीवर पडल्या होत्या. एक पाय विचित्र वळलेला. चष्मा नाकावर शाबूत होता.

"बेल झाली ना," त्या म्हणाल्या. दुखण्याने आवाज कापत होता. "पोरं वाट बघत असतील."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांच्या मते चांगलं झालं. पण बाई त्यानंतर पूर्ण परत आल्याच नाहीत. वरच्या मजल्यावरच्या खोलीत त्या पडून राहायच्या, डोळे छताकडे, बोलायच्या नाहीत, काही मागायच्या नाहीत. चमचा ओठांना लावला तर उघडायच्या, कधी उघडायच्याही नाहीत. थोरलीने रजा टाकली आणि दिवसभर त्यांचा हात हातात घेऊन बसायला लागली. तिथल्या सिस्टरला तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की हिचे हात बांधायचे नाहीत, मी आहे. पण बांधायची वेळच आली नाही. सलाइन जिथे लावलं तिथे राहायचं. मास्क जिथे ठेवला तिथे राहायचा. सोडलेला हात चादरीवर जिथे ठेवावा तिथे तासन् तास तसाच असायचा. थोरलीला वाटायचं, एकदा, एकदाच हिने हा मास्क ओढून फेकावा आणि मला कुठल्या कॉलेजात शिकलात म्हणून विचारावं.

एका दुपारी, थोरली त्यांची नखं कापत असताना, बाई गेल्या. तिला ते हातावरूनच कळलं. उरलेल्या दोन बोटांची नखं तिने कापली आणि मग बेल वाजवली.

जे बोलायला नको होतं, ते नंतर बोललं गेलं. बाईंच्या खोल्या आवरायला दोघं भावंडं गेली होती, दहा-बारा दिवसांनी. सगळं शांतपणे चाललं होतं. भांडी कुणाला, पुस्तकं कुणाला. मग धाकटा पलंगावर बसला आणि म्हणाला, "तू बांधलं नसतंस तर ती अशी पिसाटली नसती. उठायचंच होतं तिला. बांधलेलं माणूस सुटल्यावर पळणारच."

थोरलीच्या हातात कपबश्या होत्या. "आणि तू सोडून खाली का आलास? मी तासाभराने आले असते. ती कुठे जाणार होती? सोडलंस ते सोडलंस, वर एकटीला टाकून आलास. का आलास?"

धाकटा उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. पुस्तकं तशीच राहिली. ती शेवटी शाळेतल्या शिपायाने हातगाडीवरून नेली.

त्यानंतर कितीतरी महिने दोघांत बोलणं नव्हतं. धाकट्याची बायको मधून मधून थोरलीला फोन करायची. "दुकानात बसतात, पण गिऱ्हाइकाशी बोलत नाहीत. तुम्ही एकदा या ना." थोरली "बघते" म्हणायची. तिलाही जायचं होतं. पण गेलं की पुन्हा तेच निघेल आणि यावेळी आणखी काही बोललं जाईल, अशी तिला भीती वाटायची.

ती वॉर्डात परत रुजू झाली होती. काम तेच होतं. म्हाताऱ्या यायच्या, भ्रमायच्या, सलाइन उपटायच्या. एकदा ज्युनिअर मुलगी एका बाईच्या सुनेला सांगत होती, की पेशंटला रिस्ट्रेन करावं लागेल. सुनेने मान डोलावली. थोरली मागेच उभी होती. ती पुढे झाली आणि म्हणाली, "म्हणजे त्यांचे हात बांधावे लागतील. पलंगाला."

सुनेचा चेहरा उतरला. "बांधायचे?"

"हो. नाहीतर कुणीतरी जवळ बसून हात धरावे लागतील. तुम्ही बसू शकाल का? पास मी देते."

ती सून बसली. सगळेच बसू शकायचे नाहीत. कुणाला नोकरी, कुणाचं लेकरू लहान, कुणाला नुसतंच जमायचं नाही. मग थोरली बांधायचीच. दुसरा इलाज नव्हता. पण आधी सांगायची, पेशंटलाही सांगायची, कळो न कळो. पास द्यायला लागल्यापासून वॉर्डात गर्दी वाढली, आणि वरून दोनदा विचारणा झाली. ती म्हणाली, माझ्या वॉर्डाचं मी बघते. रात्री घरी येऊन मात्र तिला जेवण जायचं नाही. नवरा म्हणायचा, सुट्टी घे, कुठेतरी जाऊन ये. ती कुठेच गेली नाही.

एका सुट्टीच्या दिवशी, सकाळी, नवरा कामाला गेल्यावर दारावर टकटक झाली. धाकटा होता. दाढी वाढलेली, खांदे पडलेले. तो आत आला, खुर्चीत बसला, आणि बराच वेळ टेबलावरच्या मीठदाणीशी चाळा करत राहिला. थोरलीही समोर बसली.

"ताई, तू विचारलं होतंस, मी खाली का आलो."

"जाऊ दे ते. मी तसं विचारायला नको होतं."

"नाही, ऐक. अर्धं सांगता येत नाही, म्हणून मी काहीच सांगितलं नाही." त्याने मीठदाणी बाजूला सरकवली. "चष्मा लावल्यावर तिने मला ओळखलं. टकलावरून बोलली. मग खिडकीकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. म्हणाली, हे कोणी बांधलं रे? आणि मी तुझं नाव सांगितलं."

"खरंच आहे ते."

"खरं म्हणून नाही सांगितलं. तिने तुझ्यावर चिडावं म्हणून सांगितलं. मला पास दिला नव्हतास ना तू. पण ती चिडलीच नाही. मी गाठ सोडत होतो. पट्टीच्या आतला कापूस खाली पडला, तर म्हणाली, तो दे इकडे. तिने तो बोटांत धरून बघितला, डोळ्यांजवळ नेऊन. चांगला जाड थर होता. म्हणाली, 'तरीच. मनगटाला काही लागलं नाही. थोरलीचंच काम हे.'"

थोरलीने त्याने सरकवलेली मीठदाणी हातात घेतली.

"मग म्हणाली, 'ती कुठे आहे? जेवली का ती? बोलव तिला.' म्हणून मी आलो. तिने तुला बोलवायला पाठवलं म्हणून आलो मी, ताई. त्या दिवशी तू विचारलंस, तेव्हा हे सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, की मी तुला बोलवायला गेलो म्हणून ती पडली. ते मला सांगायचं नव्हतं. आणि ते न सांगता कापसाचं कसं सांगणार? आणि खरं सांगू, तेवढं समाधान मला द्यायचंही नव्हतं तुला. रागच होता मला." त्याने दोन्ही तळव्यांनी तोंड पुसलं. "कठडा मीच खाली केला होता. जवळ बसता यावं म्हणून. वर करायचा राहिला. आनंदात राहिला."

थोरलीला बोलायचं होतं, की कठड्याचं असू दे, माझ्याकडूनही चष्मा राहिला होता, पास राहिला होता. पण आई गेली तेव्हा, खोल्या रिकाम्या केल्या तेव्हा, इतक्या महिन्यांत एकदाही नीट न आलेलं रडू आत्ता आलं, आणि असं आलं की तिला टेबलावर डोकं टेकावं लागलं. मोठ्याने, कसलीही लाज न धरता, लहान पोरीसारखी ती रडत राहिली.

धाकटा गोंधळून उभा राहिला. ताईला रडताना बघायची त्याला सवय नव्हती. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग काहीतरी करायला हवं म्हणून स्वयंपाकघरात गेला, पातेलं शोधलं, पाणी ठेवलं. डबे उघडून बघितले. डाळ निघाली, रवा निघाला, बटणं निघाली.

"ताई," त्याने आतून विचारलं, "साखर कुठे ठेवतेस?"

हुंदका गिळत ती म्हणाली, "वरच्या फळीवर. निळा डबा. आणि मला अर्धाच चमचा घाल."

त्याने दोन घातले. दोघांनी तो गोड चहा समोरासमोर बसून प्यायला, आणि मग थोरलीने त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं, टकलाच्या गोष्टीपासून.